उथळ पाण्यातला शोध : प्रस्तावना

वाहत्या पाण्यात पडलेले सोने फार दूर जात नाही. वाळूची घनता पाण्याच्या 2.65 पट, तांब्याची 8.9 पट, चांदीची 10.5 पट आणि शुद्ध सोन्याची 19.3 पट. अंगठी बोटातून निसटली की प्रवाह तिला वीतभर, हातभर ढकलतो. मग भोवतीची वाळू हलत राहते आणि अंगठी त्या वाळूतून खाली उतरत जाते. चिकणमाती, कातळ किंवा फरशी असा कठीण थर लागला की तिथे बसते. घाटाची शेवटची पायरी तळाला टेकते तिथली भेग, मोठ्या धोंड्याची प्रवाहाच्या आडची बाजू, नदीच्या वळणाची आतली कड या तिच्या मुक्कामाच्या जागा. ॲल्युमिनियमच्या जुन्या पाच पैशांची गोष्ट उलटी. त्यांची घनता वाळूएवढीच, म्हणून ते वाळूबरोबर वाहतात, पसरतात, कुठेही सापडतात. जाणता माणूस आधी कुठल्या जागी काय सापडते आहे ते पाहतो. हलके जिथे साठते तिथे तो वेळ घालवत नाही. जिथे शिशाच्या गळाच्या गोळ्या आणि तांब्याचे पैसे एकत्र निघतात, तिथे थांबतो.

घोट्यापासून छातीपर्यंतच्या या पाण्याविषयी आणि त्यात नाणी-दागिने शोधणाऱ्यांविषयी मराठीत सलग असे फार थोडे लिहिले गेले आहे. खोल समुद्रातल्या बुडालेल्या जहाजांवर लेख येतात, गडांवरच्या गुप्तधनाच्या कहाण्यांना तोटा नाही. पण रामकुंडात, चंद्रभागेच्या वाळवंटात, नरसोबाच्या वाडीला किंवा गिरगाव चौपाटीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तळ चाचपणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर असूनही वाचनात आला नाही. हा संग्रह त्या माणसासाठी आणि त्याच्याविषयी आहे.

या विद्येची सगळ्यात जुनी शाखा झारेकऱ्यांची. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, धुवायचा आणि कानशीच्या घासणीतून उडालेले, शेगडीच्या राखेत मिसळलेले सोने वेगळे काढायचे हा त्यांचा धंदा. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत त्यांची नोंद आहे. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या बालाघाट-भंडाऱ्याच्या बाजूला, नदीची वाळू धुऊन सोने काढणारे सोनझारी होते. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात त्यांच्यावर स्वतंत्र टिपण आहे. धारवाडकडे कप्पतगुड्डच्या ओढ्यांत हेच काम जालगार करीत. कोलारच्या खाणींचा इतिहासही इथूनच सुरू होतो: 1802 साली लेफ्टनंट जॉन वॉरन याने बक्षीस लावले, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या भरभरून माती आणली आणि त्याच्यासमोर धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले. कंपन्या आल्या त्या नंतर, आणि ज्यांनी जागा दाखवली त्यांची नावे त्या कंपन्यांच्या कागदांत फारशी राहिली नाहीत.

धुण्याची रीत पाहण्यासारखी आहे. लोखंडी घमेल्यात अर्ध्यापर्यंत गाळ घ्यायचा, घमेले पाण्याच्या पातळीला टेकवायचे आणि दोन्ही हातांनी गोल झोका द्यायचा. प्रत्येक झोक्याबरोबर घमेले किंचित पुढे कलते आणि काठावरून मातीचा गढूळ पदर निघून जातो. मग बारीक वाळू जाते. खडे हाताने काढून टाकायचे, पण टाकण्याआधी बोटांत फिरवून पाहायचे. शेवटी तळाशी मूठभर काळी वाळू उरते. ती जड असते, लोहाची असते, आणि सोने असेल तर तिच्यातच असते. इथे झोका अगदी लहान होतो, मनगटापुरता. काळी वाळू चंद्रकोरीसारखी पसरते आणि तिच्या मागच्या कडेला पिवळी रेघ उमटते. ही रेघ पाहायला नजर लागते. शिकाऊ माणूस घाईने अर्धे सोने पाण्यात घालवतो. कण फार बारीक असले तर पारा घालून त्यात ते धरून घेतात आणि नंतर तापवून पारा उडवतात. ही पाऱ्याची वाफ किती जणांच्या फुप्फुसांत आणि मेंदूत गेली असेल याचा हिशेब कुणी ठेवला नाही. या संग्रहात जुन्या पद्धतीचे वर्णन येते, पण पारा घरी वापरू नये असे मी इथेच स्पष्ट लिहून ठेवतो.

झारेकऱ्यांची नजर दुकानाच्या केरावरून घाटावर गेली, यात नवल नाही. मृताच्या मुखात सोन्याचा मणी ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. राख सावडून नदीत सोडली की तो मणी राखेबरोबर तळाला जातो. भाविक कुंडात पैसे टाकतात. थंड पाण्यात बोटे आक्रसतात, अंगावर तेल-साबण असतो, आणि एरवी न हलणारी अंगठी एका बुडीत निघून जाते. नदीकाठच्या प्रत्येक तीर्थक्षेत्री हे वर्षानुवर्षे साचत आले आहे. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळाने रामकुंड कोरडे पडले आणि पाडव्याच्या स्नानासाठी टँकरने पाणी आणावे लागले. अशा वेळी तळ उघडा पडतो आणि तो चाळायला कोण येते हे सगळ्या गावाला दिसते. ही माणसे कालही तिथेच होती, पाण्याखाली होती इतकेच.

माझा या विषयाशी संबंध भट्टीच्या बाजूने आहे. आमचे घराणे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, धंदा गलाईचा. विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी भागातून माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम घेऊन देशभर पांगली. तमिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटक, कुठल्याही सराफ कट्ट्यामागच्या बोळात चौकशी करा, गलाईवाला मराठी निघतो. आम्ही म्हैसूरकडे आलो आणि आता मी बेट्टदपुरात राहतो. वर सिडिलु मल्लिकार्जुनाचा डोंगर आणि उत्तरेला कावेरीकाठचे रामनाथपुर, अशा टापूत. कावेरीत सापडलेली वस्तू शेवटी गलाईवाल्याकडेच येते. वाकडी अंगठी, नक्षी झिजलेली, खाचेत वाळू घट्ट बसलेली. वडील ती हातात घेत, कसोटीवर ओढण्याआधी पोराला विचारीत, "एल्लि सिक्कितु?" कुठे सापडली? पोरगा घाटाचे नाव सांगे. साधी अंगठी, झिजलेला मणी ते घेत. मंगळसूत्राच्या वाट्या मात्र भट्टीत घालत नसत. घाटावरच्या भटजींकडे निरोप जाई आणि वाट्या महिना-दोन महिने कागदाच्या पुडीत तिजोरीत पडून राहत. कधी कुणी येई, कधी नाही. कायदा त्यांना ठाऊक नव्हता. तरीही या कृतीत कायद्याचे सारे मर्म होते, आणि ते मला फार उशिरा पुस्तकांतून कळले.

दुसरी शाखा लोहचुंबकाची. ती नवी आहे आणि ती जन्माला येण्याचे कारण सरकारी टांकसाळीत आहे. 1988 पासून 10, 25 आणि 50 पैशांची आणि 1992 पासून एक रुपयाची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची निघू लागली. त्याआधीची तांबे-निकेलची नाणी चुंबकाला दाद देत नसत. तेव्हा पुलावरून कुणी पैसा टाकला की बुडी मारण्याशिवाय इलाज नव्हता. आता नदीकाठची मुले फुटक्या स्पीकरमधला चुंबक दोरीला बांधतात, पुलाखाली फेकतात आणि तळावरून सावकाश ओढत आणतात. पाच रुपयांचे पिवळे नाणे, जे 2009 पासून निकेल-पितळेचे आहे, ते मात्र या दोरीला येत नाही. त्यासाठी अजूनही डोळे उघडे ठेवून बुडी घ्यावी लागते. दोरी ओढणाऱ्या पोराला धातुशास्त्र कुणी शिकवलेले नसते, पण कोणत्या साली टांकसाळीने काय बदलले हे त्याच्या हाताला कळलेले असते. त्याच्या कमाईकडे कौतुकाने पाहताना त्याच्या शाळेचा विचार सुटू नये. बालमजुरीला कुतूहलाचा मुलामा देणारे लेख आम्ही या संग्रहात घेतलेले नाहीत.

तिसरी शाखा यंत्राची. धातुशोधक यंत्राचा उगम रुग्णाच्या खाटेपाशी आहे. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी ह्यूज या संशोधकाच्या प्रवर्तन-तराजूच्या तत्त्वावर यंत्र जुळवले आणि शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला. गोळी सापडली नाही, तत्त्व मात्र टिकले. 1930 च्या दशकात गेरहार्ड फिशर यांनी हातात धरून चालवता येईल असे यंत्र बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी सुरुंगशोधक बनवला आणि 1942 मध्ये अल-अलामेनच्या वाळवंटात तो वापरला गेला. युद्ध संपल्यावर हीच यंत्रे सैनिकांच्या हातून छांदिष्टांकडे गेली. 1960-70 च्या दशकांत अमेरिका, ब्रिटन आणि पुढे ऑस्ट्रेलिया इथे त्यांचे कारखाने उभे राहिले आणि पाण्यात बुडवता येणाऱ्या शोध-तबकड्या आल्या.

पाण्यात काम करणाऱ्या यंत्रांचे दोन मोठे पंथ आहेत. एक पंथ कमी वारंवारतेच्या अखंड लहरी सोडतो. परत येणाऱ्या लहरीत किती फरक पडला यावरून धातू कोणता याचा अंदाज देतो, लोखंड वगळू शकतो. गोड्या पाण्यात, नदीत, तळ्यात हा उत्तम. पण समुद्राचे खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे लाटेच्या रेषेवर हे यंत्र गोंधळते आणि सतत बोलत राहते. दुसरा पंथ स्पंदनांचा. विजेचा झटका द्यायचा, थांबायचे आणि तळातल्या धातूत उठलेला प्रवाह किती वेळाने विझतो ते ऐकायचे. खारे पाणी आणि लोहमय वाळू यांचा त्याला फारसा उपद्रव होत नाही, शोधही अधिक खोलवर जातो. पण तो लोखंडाचा खिळा आणि सोन्याची अंगठी यांत भेद करीत नाही, म्हणून प्रत्येक आवाजाला खणावे लागते. आता एकाच वेळी अनेक वारंवारता सोडणारी यंत्रे या दोन्हींचा मेळ घालू पाहतात. आपल्या कोकण किनाऱ्याला हा प्रश्न फार जवळचा आहे. रत्नागिरीच्या काळबादेवीपासून मालगुंडपर्यंतची वाळू इल्मेनाइटने काळी आहे. परदेशी पुस्तकातले आकडे यंत्रावर लावून तिथे गेलेला माणूस तासाभरात वैतागून परत येतो.

यंत्राविषयी एक गोष्ट नवख्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. सोन्याची लहान अंगठी आणि गुटख्याच्या पुडीचा चुरगळलेला पत्रा यंत्राला जवळजवळ सारखेच ऐकू येतात. पत्रा नको म्हणून तो आवाज बंद केला की सोनेही बंद होते. चांदीच्या जोडव्यांचा आवाज स्पष्ट येतो, कारण चांदी वीज उत्तम वाहून नेते. सोन्याची बारीक साखळी मात्र वजनदार असूनही हुकते. यंत्र तिला अखंड वस्तू म्हणून पाहत नाही, त्याला एकेक कडी वेगळी दिसते आणि एक कडी ऐकू येण्याएवढी मोठी नसते. नथीचेही तेच. म्हणूनच घाटावरचा जुना चाळणीवाला साखळी काढतो आणि शेजारी महागडे यंत्र घेऊन उभा असलेला रिकाम्या हाताने जातो, असे घडते. माझे मत सांगायचे तर आपल्या नद्यांत चाळणी अजून यंत्राच्या पुढे आहे. यंत्राचा खरा उपयोग जागा हेरण्यापुरता.

समुद्रकिनाऱ्याला ऋतूचेही भान लागते. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात, पुळण खचते, खालचा कठीण थर उघडा पडतो. दिवाळीनंतर वाळू हळूहळू परत येते आणि सापडण्याजोगे सारे पुन्हा हातभर खाली जाते. त्यामुळे शोधाचा चांगला काळ आणि समुद्राचा धोक्याचा काळ एकच ठरतो. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरू नये, नारळी पौर्णिमेआधी तर नाहीच, हे कोळीवाड्यातले शहाणपण इथेही लागू आहे. पुढे हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. भरतीरेषेच्या वर त्या दिवसांत फावडे मारण्याचा हक्क कुणालाही नाही.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो. पाण्यात सापडलेली वस्तू तीन प्रकारची असते आणि या तिन्हींत गल्लत केल्यामुळेच या विषयाला बदनामी आली, असे मला वाटते. काही वस्तू हरवलेल्या असतात, काही वाहिलेल्या आणि काही गतकाळाच्या. हरवलेल्या वस्तूला मालक असतो, तो फक्त समोर नसतो. वाहिलेल्या वस्तूवरचा हक्क देणाऱ्याने स्वतःहून सोडलेला असतो. गतकाळाच्या वस्तूवर कुणा एकाचा हक्क उरलेला नसतो, तो सगळ्यांचा असतो.

हरवलेल्याविषयी आपला कायदा आश्चर्य वाटावे इतका बारीक विचार करतो. भारतीय दंड संहितेच्या कलम 403 खाली उदाहरणे दिली होती, त्यांतली दोन अशी. रस्त्यात एक रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण किमती अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तर गुन्हा आहे. जुलै 2024 पासून हाच विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 मध्ये आहे. 1872 चा करार कायदा सापडलेल्या वस्तूची राखण करण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकतो आणि मालकाच्या शोधात झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू धरून ठेवायची मुभाही देतो. वडिलांची ती कागदाची पुडी मला आठवते ती इथे.

हरवलेले परत मिळते, ही गोष्ट आपल्याकडे दरवर्षी गणेशोत्सवात दिसते. मूर्तीच्या गळ्यातला हार काढायचा राहून जातो आणि विसर्जन झाल्यावर घरच्यांच्या लक्षात येते. 2024 मध्ये बंगळुरूत एका कुटुंबाची साठ ग्रॅमची साखळी अशीच मूर्तीबरोबर विसर्जनाच्या फिरत्या टाकीत गेली. त्याच टाकीत शेकडो मूर्ती सोडलेल्या होत्या. टाकी रिकामी करून, गाळ तपासत, कित्येक तासांनी ती मिळाली. मुंबई-पुण्यात जीवरक्षक आणि पालिकेचे कामगार हे काम मुकाट्याने करतात. परदेशात हरवलेली अंगठी शोधून देणाऱ्यांच्या रीतसर संघटना आहेत, यंत्रे बाळगून ते बोलावल्याजागी जातात. आपल्या विसर्जन घाटांवर असे एखादे पथक असावे, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या तळ जाणणाऱ्यांनाच प्रथम घ्यावे, ही या संग्रहामागची एक उघड इच्छा आहे.

गतकाळाच्या वस्तूंचा कायदा वेगळा. 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम सांगतो की मातीत लपलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. मालक निघाला नाही तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश हिस्सा मिळू शकतो. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देऊन घेता येते. न कळवल्यास हिस्सा जातो आणि वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरते. संरक्षित स्मारकाच्या आवारात यंत्र घेऊन फिरणे तर सरळ गुन्ह्याला आमंत्रण आहे. नद्यांची पात्रे महाराष्ट्रात 1966 च्या जमीन महसूल संहितेनुसार सरकारची आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

कायद्याहून मोठे कारण इतिहासाचे आहे. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी अभ्यासकाच्या हाती एकत्र आली आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला दिसला. नहपानाचा पराभव नाशिकच्या लेण्यात कोरलेला होता, पण विजेत्याने शत्रूचा खजिना कसा चलनात आणला याचा पुरावा या नाण्यांनी दिला. हीच नाणी एकेक करून तेरा हजार खिशांत गेली असती तर प्रत्येक नाणे खरे असूनही सगळी मिळून मुकी राहिली असती. उलट बाजूही पाहावी. 1974 मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला बुंधा खणताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ मिळाले. मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची ही शिल्पे अप्रतिम आहेत. पण ती उत्खननातल्या थरांतून निघाली नाहीत म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद राहिला. त्या शेतकऱ्याचा यात दोष काही नाही, उलट त्याच्यामुळेच ती आपल्याला पाहायला मिळाली. पण वस्तू कुठून निघाली, किती खोल होती, शेजारी काय होते, एवढ्या तीन ओळी जेव्हा लिहिल्या जात नाहीत तेव्हा काय गमावले जाते ते इथे कळते.

अभ्यासकांची शाखा आपल्याकडे लहान आहे, पण चांगली आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत 1981 पासून एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. द्वारका सर्वांना ठाऊक आहे, पण गोव्याजवळच्या सुंची खडकावर उथळ पाण्यात मिळालेले पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष, तोफा आणि हस्तिदंत मराठी वाचकाला कमी माहीत आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला 1980 पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. या दोन्ही प्रकारचे अभ्यासक आणि पाण्यातला चाळणीवाला यांची गाठ मात्र पडत नाही. चाळणीवाल्याला शिवराई सापडते, तो ती जुन्या बाजारात विकतो, तिथून ती संग्राहकाकडे जाते, आणि कुठल्या नदीच्या कुठल्या वळणावर निघाली ते कुणालाच कळत नाही. इंग्लंडने या प्रश्नावर 1997 पासून एक वाट काढली. छांदिष्टांनी सापडलेल्या वस्तू जागेसकट नोंदवायच्या अशी ती योजना, आणि तिच्यात आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. थेम्सचा काठ शोधायला तिथे परवाना लागतो. ती योजना जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. आपले शोधणारे छांदिष्ट नाहीत, पोटासाठी पाण्यात उतरलेले आहेत, त्यांना नोंदीचा मोबदला द्यावा लागेल. पण नोंद हवी.

हे सारे आजच का, असे कुणी विचारील. 2025 मध्ये सोने तोळ्याला लाख रुपयांपलीकडे गेले. धातुशोधक यंत्रे घरपोच मिळू लागली. मार्च 2025 मध्ये 'छावा' चित्रपट गाजत असताना बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात माणसे रात्री विजेऱ्या आणि यंत्रे घेऊन मोगलांच्या नाण्यांसाठी शेते खणत होती. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांसाठी महाराष्ट्राला 2013 मध्ये कायदा करावा लागला, आणि आता त्याच भोळ्या माणसांना 'शंभर फुटांवरचे सोने दाखवणारे यंत्र' म्हणून दोन तांब्याच्या काड्या विकल्या जात आहेत. नाण्याएवढ्या वस्तूसाठी चांगल्यातले चांगले यंत्रही वीत-दीड वीत जाते. याहून मोठे आश्वासन देणारा फसवतो आहे. दुसरीकडे सोयीही वाढल्या आहेत. 2023 पासून विक्रीच्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळख बंधनकारक झाली, तिच्यावरून सराफाचा माग काढता येतो आणि सराफाच्या वहीतून कदाचित मालकाचा. आणि नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे. त्या गर्दीत किती अंगठ्या गोदावरीला जातील याची कल्पना करा. त्या परत देण्याची व्यवस्था आधी उभारायची की नंतर चाळणीवाल्यांना चोर ठरवायचे, हे आपण आताच ठरवायला हवे.

या संग्रहात झारेकऱ्याच्या हाताची रीत, यंत्राचे विज्ञान, कायदा, नाण्यांची ओळख आणि नदीचे वागणे यांना एकाच पंगतीत बसवले आहे. लेखकांत यंत्र वापरणारे आहेत, शिकवणारे आहेत आणि ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचे काम शब्दांत सांगितले असेही आहेत. त्यांच्या सांगण्याला आम्ही पुस्तकी भाषेत ओतलेले नाही. जागांचे नकाशे मुद्दाम दिलेले नाहीत, जुन्या वसाहतींच्या काठांची नावेही काही ठिकाणी गाळली आहेत. श्रीमंत होण्याचा मार्ग म्हणून कुणी हे पुस्तक विकत घेत असेल तर त्याने ते परत ठेवावे. दिवसभर चाळून रोजंदारीही सुटत नाही असे दिवस जास्त असतात, हे यातला प्रत्येक लेखक सांगेल.

वाचकांना एकच विनंती आहे. न वाचता येणाऱ्या अक्षरांचे नाणे पाण्यात मिळाले तर ते चिंच, राख किंवा तेजाब लावून घासू नका. त्याच्यावरचा हिरवा-काळा थर हाही पुरावा असतो. जागा, खोली आणि तारीख कागदावर लिहा, नाणे त्या कागदात गुंडाळा आणि तालुक्याच्या तहसील कचेरीत रीतसर अर्ज देऊन पोच घ्या. अंगठी मिळाली तर आधी आतल्या बाजूची अक्षरे वाचा.

बेट्टदपुर, जि. म्हैसूर